निफाडचा धूर

"हळू, नाना! प्लास्टिक फाटलं तर आख्खा हिवाळा गेला आपला."

माझे सासरे काठीच्या टोकाला जुनं फडकं गुंडाळून भाजीच्या खोलीच्या छताला आतून ढोसत होते. ढोसलं की वर साचलेला बर्फ तिरक्या प्लास्टिकवरून घसरत खाली जायचा आणि तेवढ्या पट्ट्यातून आभाळ दिसायचं. आभाळ तरी कसलं, तेही पांढरंच. सूर्याने आम्हाला तोंड दाखवून बरेच दिवस झाले होते.

"फाटत नाही," नाना म्हणाले. "जल्मभर द्राक्षाच्या मांडवाखाली उभा राहिलोय मी. छत मला शिकवू नको."

किती तरी दिवसांनी ते इतकं लांब बोलले होते. मी टोमणा आनंदाने गिळला.

ही गोष्ट झंस्कारमधली आहे. लडाखच्या आतल्या अंगाला, चहूबाजूंनी डोंगर असलेलं ते खोरं. माझा नवरा शिरीष तिथल्या रस्त्याच्या कामावर इंजिनिअर होता आणि मी गावातल्या शाळेत गणित शिकवत होते. हिवाळ्यात शाळेला सुट्टी. एकदा का खिंड बर्फाने बंद झाली की वसंतापर्यंत आत यायचं नाही नि बाहेर जायचं नाही. अशा ठिकाणी आम्ही नानांना आणून ठेवलं होतं. आई, म्हणजे माझ्या सासूबाई गिरजाबाई, आदल्या थंडीत गेल्या आणि नाना निफाडच्या घरात एकटे बसून राहायला लागले. थोरल्या दिरांनी शेती सांभाळली, पण बापाला बोलतं करणं त्यांना जमेना. "हवापालट होईल," म्हणून शिरीष त्यांना खिंड बंद व्हायच्या आत घेऊन आला. नानांनी नाही म्हटलं नाही. ते हल्ली कशालाच नाही म्हणत नव्हते, आणि मला त्याचीच भीती वाटायची.

मी स्पष्टच सांगते. नानांना जगायचं नाही, असं माझ्या मनाने घेतलं होतं. निघण्याआधी त्यांनी आपली चांगली कोल्हापुरी वहाण गड्याला देऊन टाकली, मनगटावरचं घड्याळ नातवाच्या हातात बांधलं, गाय शेजाऱ्याच्या दावणीला नेऊन बांधली. "परत आल्यावर लागेल की," असं मी म्हटलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी पोरकट बोलले होते. झंस्कारला आल्यावर दोन घास खायचे आणि खिडकीशी बसायचे. थंडीबद्दल मात्र सुरुवातीला त्यांचा तोरा होता. "निफाडची थंडी बघितलेला माणूस मी," असं म्हणून पहिल्या दिवशी धोतरावर बाहेर पडले आणि नाकाचा शेंडा निळा करून परत आले. मी हसले, तेही किंचित हसले. त्यानंतर महिनाभर हसले नाहीत.

मग एक दिवस शेजारची यांगचान आली. ही आमची घरमालकीण, माझ्याहून बरीच मोठी, तोंडाने फटकळ, मनाने लोण्याची. म्हाताऱ्या माणसाला तिकडे 'मेमे' म्हणतात आणि आदराने पुढे 'ले' जोडतात, म्हणून नाना तिचे मेमेले होते. ती चुलीशी बसली, हात शेकले आणि म्हणाली, "मेमेले रोज नाले पे जाता है. तुमको मालूम?"

गावाखालचा ओढा गोठला की बायका पहारीने बर्फाला भोक पाडून पाणी काढायच्या. मला वाटलं, नाना पाणी आणायला जात असतील.

"बाल्टी नहीं लेता," यांगचान म्हणाली. "बस खड़ा रहता है. देखता है."

संध्याकाळी मी नानांना विचारलं, "ओढ्यावर काय बघता, नाना?"

"पाणी वाहतंय का ते."

"मग? वाहतंय?"

"वरून नाही वाहत," ते म्हणाले. "खालून वाहतंय. काळं पाणी. लई जोरात वाहतं गं."

शिरीष तेव्हा घळीतल्या कामावर तळ ठोकून होता. फोन लागला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं, तर तो म्हणतो, "अगं, शेतकरी माणूस आहे. पाणी दिसलं की बघणारच." मी फोनवरच त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पण रेंज गेली होती.

तेव्हा मी एक युक्ती केली. घराला लागून माझी भाजीची खोली होती. तीन बाजूंना जाड मातीच्या भिंती, मागची भिंत काळी रंगवलेली, दक्षिणेला जाड प्लास्टिकचं तिरकं छत. ऊन पडलं की आत घाम फुटायचा आणि बाहेर सगळं दगड झालेलं असताना आत पालक, कोथिंबीर तरारून यायची. ती खोली मी मुद्दाम बिघडवली. पालकाला पाणी घातलं नाही, वाफ्यात तण वाढू दिलं. मग रडवेलं तोंड करून नानांना म्हटलं, "माझ्याच्याने हे होत नाही हो. सगळं मरायला लागलंय."

नाना उठले. वाफ्याशी उकिडवे बसले, माती चिमटीत घेऊन चुरली आणि म्हणाले, "तुला कुणी सांगितला हा धंदा? मास्तरीण आहेस ती मास्तरीण राहा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवीच्या तळातून एक पुरचुंडी काढली. गावठी मेथीचं बी होतं. आईंनी राखलेलं. नानांनी ते एवढ्या लांब कशाला आणलं होतं, मी विचारलं नाही. त्यांनी वाफा भुसभुशीत केला, बी फोकलं, वरून बोटांनी माती सारखी केली. हिरवे ठिपके दिसायला लागले तसे ते जेवायला लागले. ओढ्यावर अजूनही जात, पण आता हातात बादली असे. मी लांबून त्यांच्या मागे जायची, आणि ते परत वळले की दगडाआड बसायची. शिक्षिकेला शोभणारं काम नव्हतं ते, पण माझा नाइलाज होता.

आणि मग हा बर्फ सुरू झाला.

पहिल्यांदा आम्हाला बरं वाटलं, घर ऊबदार राहील म्हणून. पण ऊनच नाही म्हटल्यावर भाजीची खोली तापेना. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला वाफेचा बर्फ धरला. पालकाची पानं काचेसारखी कडक झाली. मेथीच्या कडा काळवंडल्या. त्या सकाळी छतावरचा बर्फ पाडून झाल्यावर नाना वाफ्याशी बसले आणि एका पानाला बोट लावून बघायला लागले.

यांगचान दारातूनच ओरडली, "हाथ मत लगाओ, मेमेले! ठंड में छूने से मरता है. कंबल डालो और छोड़ दो. धूप आएगा तो खुद उठेगा."

"काय म्हणती ती?" नानांनी विचारलं. हिंदी त्यांना कळायची, पण कळलं नाही असं दाखवायला आवडायचं.

"म्हणते, हात लावू नका. वर घोंगड्या घाला आणि उन्हाची वाट बघा. गोठलेलं परत उठतं."

"झोपलेलं उठतं," नाना म्हणाले. "गारठलेलं उठत नाही."

यांगचान खांदे उडवून निघून गेली. जाताना मला म्हणाली, माझ्याकडे जुन्या घोंगड्या आहेत, येऊन घेऊन जा. नाना तसेच बसून राहिले. मग मान वर न करता बोलायला लागले.

"तुझ्या सासूला ताप व्हता. त्या रात्री पारा लई उतरला. सगळं शिवार जागं. प्रत्येकाच्या बागेत शेकोट्या. ओला पाचोळा टाकायचा, धूर करायचा, तो बागेवर पसरला का दव गोठत नाही. घड वाचतात. ती म्हणली, 'थोडं बसा ना माझ्याजवळ.' मी म्हणलं, 'आलोच, एवढ्या ओळींना धूर धरून येतो.'"

मी हातातली काठी खाली ठेवली.

"उजाडलं तेव्हा घरात आलो. बाग वाचली व्हती. एक घड नाही गेला." नानांनी बोटांवरची माती पुसली. "लोकं म्हणली, नाना, यंदा तुमच्या बागेला तोड नाही."

हा माणूस एक वर्ष हे तोंडात धरून बसला होता. शिरीषलाही हे माहीत नव्हतं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवावा असं मला फार वाटलं, पण सुनेने सासऱ्याच्या पाठीवर हात ठेवायची आमच्या घरात रीत नाही. मी नुसतीच उभी राहिले.

"जा, त्या घोंगड्या घेऊन ये," नाना म्हणाले. आवाज एकदम मोकळा होता. तो मोकळेपणाच मला आवडला नाही.

"तुम्ही पण चला. यांगचान चहा करेल."

"तो लोण्याचा चहा? नको. मी बसतो इथं." मी दारापर्यंत गेले तेव्हा त्यांनी मागून हाक मारली. "वैजू, मेथी पहिल्यांदा खुडशील तेव्हा मुळासकट उपटू नको हां. नुसते शेंडे खुडायचे. मंग परत फुटती ती."

"तुम्हीच खुडा की. मी कशाला?"

"सांगून ठेवतो," ते म्हणाले.

यांगचानचं घर तसं जवळच, पण गुडघ्याएवढ्या बर्फातून जायचं म्हणजे जीव निघायचा. तिने घोंगड्या काढून ठेवल्या होत्या, पण चहा प्याल्याशिवाय सोडेल तर ती यांगचान कसली. एक वाटी संपली की दुसरी. तिच्या सुनेला दिवस गेल्याची बातमी तिने सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितली. मी हूं हूं करत होते. डोक्यात नानांचं 'सांगून ठेवतो' घोळत होतं. शेवटी मी तिचं बोलणं तोडून उठले. माझं तोंड बघून तिने काही विचारलं नाही. निम्म्या घोंगड्या तिने उचलल्या, निम्म्या मला दिल्या आणि माझ्याबरोबर निघाली.

बाहेर आलो आणि मला पावलं दिसली.

भाजीच्या खोलीपासून निघून सरळ खाली ओढ्याकडे गेलेली. ताज्या बर्फात खोल उमटलेली, एका माणसाची पावलं. बादली टेकवल्याची खूण कुठे नव्हती.

मी घोंगड्या टाकून धावत सुटले. धावत कसली, पडत, उठत, रांगत. ओढ्याशी पोचले तर पाण्याचं भोक नुकतंच मोठं केलेलं होतं. पहार तिथेच आडवी पडलेली. काळं पाणी त्या भोकातून दिसत होतं आणि एका क्षणात बर्फाखाली शिरत होतं. आत काही असतं तरी ते कुठल्या कुठे गेलं असतं. "नाना!" मी ओरडले. बर्फ आवाज पिऊन टाकतो. माझाच आवाज मला ऐकू आला नाही. शिरीषला काय सांगू, एवढं एकच माझ्या डोक्यात फिरत होतं.

"वैजू!" वरून यांगचान हात हलवत होती. "इधर देखो! वापस गया है!"

मी खाली बघितलं. भोकाच्या पलीकडून दुसरी पावलं निघाली होती. वळसा घालून, कुंपणाच्या कडेने, परत वर. कुंपणावरून उडणाऱ्या भुरभुरीत बर्फाने ती अर्धी बुजली होती, म्हणून मला दिसलीच नव्हती. मी तिथेच बसले आणि हमसून रडले. मग वास आला.

धुराचा वास. शेणाचा आणि ओल्या गवताचा. लग्न झाल्यावर पहिल्या हिवाळ्यात निफाडला मी हाच वास घेत उठले होते, आख्ख्या गावावर तो पसरलेला असायचा. क्षणभर मला बरंसुद्धा वाटलं. म्हटलं, म्हाताऱ्याने शेकोटी केलीय, म्हणजे जीव थाऱ्यावर आहे.

यांगचानला मात्र बरं वाटलं नव्हतं. ती ओरडत भाजीच्या खोलीकडे पळत होती. तिच्या ओरडण्यातला एकच शब्द मला कळला, "बंद! बंद!"

प्लास्टिकच्या आत पिवळट धूर कोंडला होता. नानांनी निफाडला केलं तेच इथे केलं होतं. पत्र्याच्या घमेल्यात शेणाच्या गोवऱ्या, वर ओला भुस्सा. फक्त तिथे वर उघडं आभाळ असतं. इथे छत होतं, झरोके होते तेही त्यांनी थंडी येऊ नये म्हणून पोत्यांनी बुजवले होते. दार आतून पोतं अडकवून गच्च केलेलं. आम्ही दोघींनी ओढलं, हलेना. यांगचानने कमरेचा विळा काढला आणि प्लास्टिक वरपासून खालपर्यंत उभं फाडलं. भपकन धूर बाहेर आला. आम्ही तोंडाला पदर-ओढणी बांधून आत शिरलो. घमेल्यातला जाळ विझून नुसते लाल निखारे राहिले होते. मेथीच्या वाफ्याभोवती तीन बाजूंना विटा रचलेल्या होत्या, ऊब जाऊ नये म्हणून.

नाना वाफ्याशी नव्हते. आम्ही त्यांना बाहेर ओढून काढलं तेव्हा त्यांचा चेहरा लालबुंद होता आणि मान लुळी पडत होती. त्यांना बर्फावर आडवं केलं. यांगचानने त्यांच्या बंडीची बटणं तोडली, छाती चोळली, गालांवर फाडफाड चापट्या मारल्या. सासऱ्याला कुणी अशा थोबाडीत मारताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. मीही मारायला लागले. "उठा नाना! उठा! तुम्हाला शरम नाही वाटत? उठा म्हणते ना!" मी काय काय बोलले ते आता सांगवत नाही.

बऱ्याच वेळाने त्यांनी घशातून एक आवाज काढला. मग कुशीवर वळून ओकले. मग परत ओकले. यांगचान मागे टेकून बसली आणि देवाचं नाव घेऊन रडायला लागली. रडता रडताच तिने माझ्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेने पाहिलं. "बंद कमरे में आग! यहाँ बच्चा भी जानता है!"

"जाळाचा धूर थांबला व्हता," नाना पुटपुटले. डोळे अजून मिटलेलेच. "नुसते निखारे व्हते. धूर थांबल्यावर काय भीती."

त्यांच्या गावात भीती धुराचीसुद्धा नव्हती, मग निखाऱ्यांची कुठून असणार. यांगचानने वाटेत पडलेल्या घोंगड्या आणून त्यांच्याभोवती गुंडाळल्या आणि त्यांना उचलायला भावाला बोलावते म्हणून घरांकडे पळाली. आम्ही दोघंच राहिलो. नानांचं डोकं मी मांडीवर घेतलं होतं. रीत गेली खड्ड्यात.

"ओढ्यावर कशाला गेला होतात?" मी विचारलं. आता विचारायची लाज वाटत नव्हती.

बर्फ त्यांच्या मिशांवर पडत होता.

"खोटं नाही बोलत," ते म्हणाले. "परत यायचं नाही म्हणूनच गेलो व्हतो. लई दिवसांपासून मनात व्हतं. आज तुला सगळं सांगून झालं. म्हणलं, आता मोकळा झालो."

"मग परत का आलात?"

"पहार हातात घेतली. भोक मोठं केलं. आन् मंग डोक्यात आलं, तू घोंगड्या घेऊन येईपर्यंत मेथी जाईल. म्हणलं, तेवढं करून यावं. तिचं बी आहे ते." त्यांनी धाप टाकली. "जाळ केला. जवळ बसलो. ऊब आली, वैजू. किती दिवसांनी ऊब आली. झोप यायला लागली. म्हणलं, बरंच झालं, ओढ्यावर जायचं काम नाही, इथंच..."

मला वाटलं, माझी सगळी युक्ती, तो पालक वाळवणं, ते रडवेलं तोंड, सगळं या माणसाला मरायची जागा करून देण्यासाठीच होतं. मी त्यांचं डोकं घट्ट धरलं. शिरीषला मी हे कधी सांगणार नाही, असं मनात ठरवूनही टाकलं.

"मग?" मी कसंबसं विचारलं.

"मंग भ्यालो," नाना म्हणाले.

"कशाला?"

"माहीत नाही. डोळे मिटायला लागले आन् एकदम भ्यालो. लहान पोरासारखा भ्यालो. उठलो तर पाय उचलेनात. सरपटत निघालो." त्यांनी पहिल्यांदा डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "मी कुठं सापडलो तुम्हाला?"

खरंच, मी तेव्हा विचारच केला नव्हता. ते वाफ्याशी नव्हते. दाराशी पालथे पडले होते, आणि त्यांची बोटं त्यांनीच कोंबलेल्या पोत्याच्या खाली अडकली होती. नखात सुतळीचे धागे होते. मी त्यांचा हात उचलून त्यांना दाखवला.

"दाराशी," मी म्हटलं. "पोतं ओढत होतात."

नाना आपल्या बोटांकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं ते कानांकडे ओघळत गेलं.

फाटलेल्या प्लास्टिकमधून आत बर्फ पडत होता. मेथीच्या वाफ्यावर पांढरा थर धरायला लागला होता, आणि निखाऱ्यांवर पडणारा बर्फ चर्र करून विझत होता. नानांनीही मान वळवून तिकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील, आधी तिच्यावर काहीतरी घाल. मी त्यांच्या अंगावरची एक घोंगडी सोडवायला हात घातला.

त्यांनी ती घट्ट धरून ठेवली.

"जाऊ दे ती," ते म्हणाले. "मला आधी घरात घे."